तीन भुजांच्या पलीकडचा वायू: आकाशगंगेच्या केंद्राचं तापमान कशावरून कळतं?

मे महिन्याच्या शेवटी मी देवगाव रंगारीला घरी होते. उकाड्यामुळे सगळे गच्चीवर झोपलो होतो. रात्री दीडच्या सुमारास लाइट गेली, गावातले दिवे विझले आणि दक्षिणेला आकाशगंगेचा पट्टा एकदम उठून दिसायला लागला. माझा मामेभाऊ एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. तो जागाच होता. मी त्याला मूळ नक्षत्राची वाकडी नांगी दाखवली, तिच्या डावीकडे पूर्वाषाढा दाखवलं आणि म्हटलं, "या दोघांच्या मध्ये आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तिथं तर काहीच नाही. उलट काळंच दिसतंय."

मी सांगितलं की तिथं भरपूर वायू आहे आणि त्यातल्या बऱ्याच वायूचं तापमान सुमारे २०० केल्विन, म्हणजे उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न: "हे कशावरून? तिथं थर्मामीटर लावलाय का? का अंदाजपंचे?"

प्रश्न चांगला आहे, आणि संशोधनाला यायचं ठरवलेल्या प्रत्येकाने तो विचारलाच पाहिजे. बीएस्सी-एमएस्सीच्या पुस्तकांत असे आकडे थेट छापलेले असतात आणि आपण ते पाठ करतो. पीएचडीला आल्यावर कळतं की अशा प्रत्येक आकड्याच्या मागे एक मोजमाप असतं आणि दोन-तीन गृहीतकं असतात. मोजमाप कुठे संपतं आणि गृहीतक कुठे सुरू होतं, हे ओळखता येणं हाच आमच्या कामाचा मोठा भाग आहे. आज हा २०० चा आकडा हातात घेऊ आणि तो उलगडून बघू.

आधी धूळ

केंद्र आपल्यापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. आपण आकाशगंगेच्या चकतीच्या आत आहोत, त्यामुळे केंद्राकडे बघताना चकतीच्या जाडीतून नाही, तिच्या लांबीतून बघावं लागतं. वाटेत वायू आहे आणि वायूत मिसळलेली धूळ आहे. ही धूळ दृश्य प्रकाश इतका अडवते की केंद्राकडून निघालेल्या साधारण एक लाख कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून गच्चीवरून तिथे काळं दिसतं.

पण हे धूलिकण फार बारीक असतात, बरेचसे मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. तळ्यात रोवलेल्या काडीचा विचार करा. बारीक तरंग काडीवर आपटून विस्कटतात, मोठी लाट मात्र काडी नसल्यासारखी पुढे जाते. प्रकाशाचंही तसंच. तरंगलांबी २.२ मायक्रॉनपर्यंत वाढवली, म्हणजे अवरक्त प्रकाशात आलो, की दहा-पंधरा कणांपैकी एक पोचतो. लाख कोटीतला एक कुठे आणि दहा-पंधरातला एक कुठे! एरिक बेकलिन आणि जेरी न्यूगेबॉअर यांनी १९६८ मध्ये याच तरंगलांबीला केंद्राचा पहिला अवरक्त ठसा प्रसिद्ध केला.

तो प्रकाश ताऱ्यांचा होता. वायूची पाळी थोडी नंतर आली. १९७० च्या दशकात चार्ल्स टाउन्स यांच्या गटाने आयनीभूत निऑनची १२.८ मायक्रॉनची रेषा केंद्राजवळ मोजली. वायू सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगाने पळत होता. इतका वेगवान वायू धरून ठेवायला मध्यभागी किती वस्तुमान हवं, याचा हिशेब त्यांनी मांडला तेव्हा उत्तर आलं तीस-चाळीस लाख सूर्यांइतकं. अनेकांना ते पटलं नाही, आणि त्यांची शंका रास्त होती. वायूला फक्त गुरुत्वाकर्षणच पळवतं असं नाही. ताऱ्यांचे वारे ढकलतात, चुंबकीय क्षेत्रं ओढतात. पुढे राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांच्या गटांनी कित्येक वर्षं एकेका ताऱ्याची कक्षा मोजली, तेव्हा कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतकं आहे हे पक्कं झालं आणि २०२० मध्ये दोघांना नोबेल मिळालं. वायूने दिलेलं उत्तर जवळपास बरोबर होतं, पण एवढ्या वायूवर विसंबून ते सिद्ध झालं असं म्हणता येत नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आपलं आकाश आणि मौना केआचं आकाश

एक गंमत सांगते. देवगावचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वताचा अक्षांशही जवळपास तेवढाच. आकाशगंगेचं केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. ९० मधून २० आणि २९ वजा करा: ४१. म्हणजे आमच्या गच्चीवरून केंद्र क्षितिजापासून जास्तीत जास्त ४१ अंश वर येतं आणि मौना केआवरच्या मोठमोठ्या दुर्बिणींनाही ते साधारण तेवढंच वर दिसतं. कोन तोच. मग त्या दुर्बिणी तिकडेच का?

कारण पाण्याची वाफ. हवेतली वाफ अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग गिळून टाकते. आपण समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटरवर, मौना केआचा माथा ४,२०० मीटरवर. वातावरणातली बहुतेक वाफ खालच्या थरांत असते, ती त्या माथ्याच्या खालीच राहते. शिवाय केंद्र संध्याकाळी सोयीने दिसायला लागतं तेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो. कपाशीला हवा असलेला ढग अवरक्त खगोलशास्त्राला चालत नाही.

पर्वतावर गेलं तरी सगळा अवरक्त प्रकाश मिळत नाही. १ ते ५ मायक्रॉनमध्ये वातावरणाला काही खिडक्या आहेत, १० मायक्रॉनच्या आसपास आणखी एक आहे. त्यापुढे दूर-अवरक्त भागात, साधारण ३० ते ३०० मायक्रॉन, वातावरण म्हणजे जवळजवळ भिंतच. आणि नेमकी आंतरतारकीय वायूची एक अतिशय महत्त्वाची रेषा त्या भिंतीच्या मागे आहे: एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची, १५८ मायक्रॉनची. कोमट, विरळ वायू आपली उष्णता बाहेर टाकतो तो मोठ्या प्रमाणात या रेषेतून. ती मोजायची तर हवेच्या वरच जावं लागतं.

फुग्यावरची दुर्बीण

ही गोष्ट आपल्या जवळची आहे, तरी आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर आहे. तिथल्या अवरक्त खगोलशास्त्र गटाने १ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधली आणि ती फुग्याला टांगून वर पाठवली. उड्डाण हैदराबादच्या त्यांच्याच फुगा केंद्रातून होतं. पातळ पॉलिइथिलीनचा हायड्रोजनने भरलेला प्रचंड फुगा दुर्बीण घेऊन सुमारे ३१ किलोमीटर उंच जातो. तिथे खालची ९९ टक्के हवा आणि जवळजवळ सगळी वाफ पायाखाली असते. रात्रभर निरीक्षणं करायची, मग दोर तोडायचा आणि दुर्बीण पॅराशूटने कुठल्यातरी शेतात उतरते. ती शोधून आणायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा उडवायची. फुग्यांच्या उड्डाणाआधी महाराष्ट्रातल्या काही भागांसह आसपासच्या जिल्ह्यांना सूचना जाते: असं काही शेतात पडलेलं दिसलं तर हात लावू नका, कळवा. ती सूचना याच प्रकारच्या कामासाठी असते.

१९९९ मध्ये या दुर्बिणीवर जपानी गटाने बनवलेला वर्णपटमापक बसवला आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाभोवतीचा मोठा भाग कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेत मोजला. त्यात ताकाओ नाकागावा होते. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाने 'बाइस' नावाच्या फुग्यावरच्या छोट्या दुर्बिणीने याच रेषेचा आकाशगंगेच्या पट्ट्यातला नकाशा काढला होता. त्यात केंद्रही होतं. त्या नकाशात एक विचित्र गोष्ट दिसली. धुळीच्या एकूण उजेडाच्या मानाने कार्बनची रेषा केंद्राजवळ फिकी होती. चकतीत इतरत्र ती जितकी तेजस्वी असते, तितकी इथे नव्हती.

का? एक स्पष्टीकरण असं: केंद्राजवळ धूळ तापवणारा उजेड मोठ्या प्रमाणात म्हाताऱ्या ताऱ्यांचा आहे. त्याने धूळ तापते, पण कार्बनचा इलेक्ट्रॉन काढायला आणि वायू तापवायला लागणारे अतिनील किरण त्यात कमी असतात. दुसरीही स्पष्टीकरणं आहेत. पण मुद्दा हा की केंद्राचा वायू चकतीतल्या वायूसारखा वागत नाही, आणि हे एका छोट्या दुर्बिणीने दाखवलं. वाफेच्या वर गेलेला छोटा आरसा वाफेखालच्या मोठ्या आरशापेक्षा उपयोगी ठरतो.

रेष कुठल्या गावची?

आता तापमानाकडे येऊ. त्याआधी मात्र माझी एक चूक सांगते, कारण तीच चूक तुम्हीही कराल.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरावासाठी मला केंद्राजवळच्या एका ताऱ्याचा अवरक्त वर्णपट दिला होता. ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतला वायू ठरावीक तरंगलांब्या शोषून घेतो. आलेखात तिथे खड्डे पडतात. खड्डा नेहमीच्या जागेपासून किती सरकलाय त्यावरून वायूचा वेग कळतो. मला सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणारा एक सुंदर, अरुंद खड्डा सापडला. मी खूश. तारा केंद्राजवळचा, म्हणजे वायू केंद्राजवळचा, असं धरून मी तीन पानं लिहिली.

सरांनी पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला: "ही रेष कुठल्या गावची?"

तारा कन्नडला उभा आहे आणि तुम्ही मुंबईत. वाटेत वैजापूर लागतं, नाशिक लागतं, कसारा घाट लागतो. धुकं नेमकं कुठे होतं हे फक्त "कन्नडहून येणारा उजेड मंद झाला" एवढ्यावरून कसं सांगणार? केंद्राकडे बघताना वाटेत आकाशगंगेच्या तीन भुजा आडव्या येतात. त्यांचे वेग साधारण ठरलेले आहेत: एक जवळजवळ शून्य, दुसरी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने आपल्याकडे येणारी आणि तिसरी सुमारे ५० किलोमीटरने येणारी. ही तिसरी केंद्रापासून दहा हजार प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. मी तिचाच वायू केंद्राचा म्हणून विकत होते.

कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांमध्ये या तीन भुजा तीन दातांसारख्या स्पष्ट दिसतात. त्या ओळखायच्या आणि बाजूला काढायच्या, मग जे उरेल ते केंद्राचं. पण भुजांचा वायू आणि केंद्राचा वायू एकाच वेगाचा असला तर? तेव्हा वेग पुरत नाही, दुसरी खूण लागते. ती खूण एका तीन अणूंच्या आयनाने दिली.

बारव आणि तीन पायऱ्या

हा आयन म्हणजे हायड्रोजनचे तीन प्रोटॉन त्रिकोणात आणि त्यांच्यात मिळून दोनच इलेक्ट्रॉन. रसायनवाले त्याला 'एच-थ्री-प्लस' म्हणतात. तो तयार होण्याची पद्धत सोपी आहे. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून सुसाट धावणारे कण, हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवतात. तो जखमी रेणू दुसऱ्या रेणूला धडकला की एच-थ्री-प्लस तयार. १९८० मध्ये ताकेशी ओका यांनी त्याचा अवरक्त वर्णपट प्रयोगशाळेत पकडला. त्यानंतर तो आकाशात शोधायला त्यांना आणि थॉमस गेबॉल यांना १९९६ उजाडलं. मग त्यांनी आणि मिवा गोटो यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी तो केंद्राच्या दिशेने मोजला, मौना केआवरच्या यूकेआयआरटी आणि सुबारू या दुर्बिणींनी, ३.५ ते ३.७ मायक्रॉनच्या आसपास. ही खिडकी पर्वतावरून उघडी असते.

आता आपल्या मराठवाड्यातली बारव डोळ्यासमोर आणा. तळाशी एक पायरी, वर दुसरी, त्याच्या वर तिसरी. रेणू फिरतो तेव्हा त्याची ऊर्जा अशाच ठरावीक पायऱ्यांवर असू शकते. शेजारच्या रेणूची धडक बसली की तो वर चढतो, प्रकाश टाकून किंवा पुन्हा धडकून खाली उतरतो.

एच-थ्री-प्लसच्या तीन पायऱ्या आपल्याला हव्यात. सगळ्यात खालची (१,१). तिच्या १५१ केल्विन वर (२,२). आणि खालच्या पायरीपासून ३६१ केल्विन वर (३,३). (ऊर्जा केल्विनमध्ये सांगतात, बिचकू नका. बोल्ट्झमन स्थिरांकाने भागलं की झालं. आणखीही पायऱ्या आहेत, त्या आज बाजूला ठेवू.)

(२,२) वरचा रेणू आपोआप खाली येऊ शकतो. त्रिकोण फिरताना किंचित वाकतो, त्यामुळे अगदी क्षीण प्रकाश टाकण्याची सोय त्याला मिळते. त्याला साधारण २७ दिवस लागतात. (३,३) ची गोष्ट वेगळी. रेणूच्या सममितीमुळे तिथून प्रकाश टाकून उतरायचा रस्ताच बंद आहे. बारवेच्या भिंतीत एखादा कोनाडा असावा, वर चढून त्यात बसता येतं, पण खाली उतरायला पायरीच नाही, तसं. धडक बसेपर्यंत रेणू तिथेच अडकून राहतो.

या दोन वेगळ्या वागण्यांतून दोन वेगळ्या गोष्टी मोजता येतात. (३,३) भरलेली असेल तर वायू ऊबदार आहे, कारण ३६१ केल्विन वर चढायला जोरदार धडका लागतात. आणि (३,३) भरलेली असूनही (२,२) रिकामी असेल तर वायू विरळ आहे, कारण २७ दिवसांत खाली घसरण्याआधी पुन्हा वर ढकलणारी धडक मिळत नाही.

निरीक्षणात दिसलं ते असं. केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या वर्णपटात (१,१) ची रेषा बघा: सेकंदाला दीडशे किलोमीटरपर्यंत पसरलेली एक रुंद, उथळ घळ आणि त्यात तीन भुजांचे तीन टोकदार दात. त्याखाली (३,३) ची रेषा ठेवा: तीच रुंद घळ आहे, पण दात गायब! (२,२) ची रेषा जवळजवळ दिसतच नाही.

हे दोन आलेख मी पहिल्यांदा एकाखाली एक ठेवले तेव्हा सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भुजांचा वायू थंड आहे, म्हणून तो (३,३) वर चढूच शकत नाही. (३,३) मध्ये जे दिसतंय ते फक्त केंद्राचं. ही रेष कुठल्या गावची, ते ती स्वतःच सांगते.

हिशेब करून बघा

वही घ्या. नुसतं वाचून हे पचत नाही.

एक. बोल्ट्झमनच्या सूत्राने (३,३) आणि (१,१) वरच्या रेणूंचं प्रमाण काढा. दोन पायऱ्यांची सांख्यिकी वजनं आहेत २८ आणि ६, म्हणजे गुणोत्तर १४ भागिले ३. त्याला घातांकी पदाने गुणायचं, घातांक उणे ३६१ भागिले तापमान. भुजेतल्या थंड ढगासाठी ३० केल्विन धरा: उत्तर येतं एक लाखाला तीन. १०० केल्विनला शंभराला तेरा. २०० केल्विनला शंभराला सत्त्याहत्तर. म्हणजे तापमान सातपटही वाढलं नाही आणि प्रमाण पंचवीस हजार पटींहून जास्त वाढलं. म्हणून तो दात गायब होतो. दुर्बीण कमी पडली असं नाही, तिथे मोजण्यासारखं काही उरतच नाही.

दोन. धडकांमधला वेळ काढा. आयन आणि रेणूच्या धडकेचा दर साधारण २ गुणिले १० चा उणे नववा घात, घनसेंटिमीटर प्रतिसेकंद. घनसेंटिमीटरमध्ये १०० रेणू धरले तर दोन धडकांमध्ये सुमारे ५० लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन महिने. ५० रेणू धरले तर चार महिने. (२,२) ला घसरायला २७ दिवस. स्पर्धा कोण जिंकतं ते उघड आहे. घनता हजारोंमध्ये असती तर धडका दर काही दिवसांनी बसल्या असत्या आणि (२,२) ची रेषा ठळक दिसली असती.

तीन. दुर्बीण निवडा. ५० आणि ३० च्या वेगाच्या भुजा वेगळ्या दिसायला २० किलोमीटर प्रतिसेकंदाचा फरक ओळखता आला पाहिजे. प्रकाशाच्या वेगाला २० ने भागा: वर्णपटमापकाची विभेदनक्षमता किमान १५,००० हवी. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा आणि ती १५ लाख किलोमीटर दूर, वाफेचा प्रश्नच नाही. तिने २०२३ मध्ये केंद्राजवळच्या सॅजिटेरियस सी भागाचं जे चित्र दिलं त्यात पाच लाखांच्या आसपास तारे दिसतात. पण या तरंगलांबीला तिच्या वर्णपटमापकाची विभेदनक्षमता सुमारे २,७०० आहे. म्हणजे ११० किलोमीटर प्रतिसेकंदापेक्षा बारीक फरक तिला कळत नाही आणि तीन दात एकमेकांत मिसळून जातात. या कामाला जमिनीवरचा बारीक वर्णपटमापकच लागतो. आपल्या कामाचा प्रश्न आधी ठरवायचा, मग दुर्बीण.

२०० हा आकडा कितपत पक्का?

वरचं पहिलं सूत्र फक्त अंदाज घ्यायला आहे. ते धरून चालतं की धडकांमुळे सगळ्या पायऱ्यांवर संतुलन झालेलं आहे. पण आत्ताच आपण बघितलं की (२,२) गळकी आहे, म्हणजे संतुलन नाही. त्यामुळे चढणं, उतरणं आणि गळती यांचं एकत्र समीकरण सोडवावं लागतं. ओका आणि त्यांचे सहकारी एरिक एप यांनी २००४ मध्ये ते सोडवलं. त्यावरून २००५ च्या निबंधात तापमान आलं सुमारे २५० केल्विन आणि घनता १०० च्या आसपास. पुढे कितीतरी अधिक ताऱ्यांच्या दिशांनी मोजून २०१९ मध्ये तोच गट सुमारे २०० केल्विन आणि ५० या आकड्यांवर आला. भावाला मी सांगितलेला आकडा हा. तो बदललाय, पुढेही थोडा बदलू शकतो. पण "ऊबदार आणि विरळ" हे दोन शब्द बदललेले नाहीत, कारण ते रेषा असण्या-नसण्यावर उभे आहेत.

वैश्विक किरणांचा आकडा मात्र जास्त जपून वाचायचा. एच-थ्री-प्लस किती आहे त्यावरून किरण किती वेगाने हायड्रोजन फोडतात ते काढतात. उत्तर येतं आपल्या आसपासच्या विरळ ढगांच्या दहापट ते शंभरपट. पण निरीक्षणातून खरं तर एक गुणाकार मिळतो: फोडण्याचा वेग गुणिले वायूच्या थराची लांबी. लांबी दुप्पट असेल तर वेग निम्मा. लांबी केंद्रीय भागाच्या आकाराहून मोठी असू शकत नाही, एवढ्याच आधारावर वेग मोठा असला पाहिजे असं म्हणता येतं. निबंधाचा गोषवारा वाचला तर आकडा दिसतो. हा गुणाकार आतल्या पानांत असतो.

आणि या सगळ्याने फरक काय पडतो? केंद्राच्या आसपासच्या काही शे प्रकाशवर्षांच्या भागात सूर्याच्या काही कोटी पट वायू आहे. चकतीतल्या हिशेबाने तिथे जितके तारे जन्मायला हवेत, त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकेच जन्मतात. वायू तारा होण्यासाठी थंड आणि दाट व्हावा लागतो. तिथली मोठी जागा ऊबदार, विरळ वायूने भरलेली असेल आणि वैश्विक किरण तो तापवत असतील, तर या कोड्याचा एक धागा हाती येतो. पूर्ण उत्तर अजून नाही. वादळी गती, चुंबकीय क्षेत्र, ताऱ्यांच्या जन्माची येणारी-जाणारी लाट, सगळ्यांचे दावेदार आहेत. तुम्ही पीएचडीला याल तेव्हाही हा प्रश्न बहुधा उघडाच असेल.

निबंध वाचताना तीन प्रश्न

जेस्ट, नेट, गेट, आयुका-एनसीआरएची प्रवेश परीक्षा, टीआयएफआरची परीक्षा, कशाचीही तयारी करत असा, मुलाखतीत हे तीन प्रश्न कामाला येतात.

पहिला: हा प्रकाश आपल्यापर्यंत कसा पोचला? कुठली धूळ, कुठली वाफ, कुठली खिडकी?

दुसरा: ही रेष कुठल्या गावची? वाटेत आणखी काय आहे, आणि ते वेगळं काढलं कसं?

तिसरा: आकडा मोजलाय की काढलाय? काढला असेल तर काय धरून काढला? टाउन्स यांच्या वायूचं लक्षात आहे ना? वेग मोजलेला होता, वस्तुमान काढलेलं होतं, आणि मधलं "फक्त गुरुत्वाकर्षण" हे धरलेलं होतं. त्यांचं धरलेलं बरोबर निघालं, पण ते तपासायला दुसरी वाट लागली.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हर्शेल, २०२२ मध्ये थांबलेली विमानातली दुर्बीण सोफिया, जेम्स वेब, यांचा जुना डेटा संग्रहांमध्ये कुणालाही मोफत मिळतो. लॅपटॉप आणि बरं नेट असलं तर देवगावात बसूनही केंद्राचा वर्णपट उघडता येतो. मी उघडलाय, टॉवरची रेंज येईपर्यंत गच्चीवर फिरून. आमच्या गावाच्या नावात रंगारी आहे. रंगारी कापडावर रंग चढवतो, आणि मी उजेडातून कुठला रंग गळाला ते शोधते. घरी कुणी विचारलं की नेमकं काय करतेस, तर मी आता एवढंच सांगते.

भावाने तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ३० केल्विनचं उत्तर बरोबर होतं. २०० केल्विनला त्याने सांख्यिकी वजनं घ्यायची विसरली होती, म्हणून सत्त्याहत्तरऐवजी सोळा आलं होतं. मी फक्त "वजनं?" एवढंच लिहिलं. दहा मिनिटांत दुसरा फोटो आला, आणि खाली त्याचा प्रश्न: "पण ताई, मग धडका देणाऱ्या रेणूंचं तापमान आणि या आयनाचं तापमान एकच असतं हे कशावरून?"

हा प्रश्न मी मुद्दाम उत्तर न देता इथे ठेवतेय. दुसरा हिशेब परत बघा, धडकांमधला वेळ. उत्तराची सुरुवात तिथे आहे.